शिपाई आठवतो, गडी आठवत नाही

बेन स्टील हे चित्रकार २५ सप्टेंबर २०१६ रोजी अमेरिकेच्या मोंटाना राज्यात वयाच्या ९८ व्या वर्षी निवर्तले. त्यांचे स्मरण झाले ते मुख्यतः युद्धकैदी म्हणून, आणि ते योग्यच होते. १९४२ मध्ये फिलिपिन्समधील बातान येथे शरण आलेल्या सैनिकांना जपान्यांनी उपाशीतापाशी मैलोगणती चालवत नेले, वाटेत हजारो मेले. स्टील त्यातून वाचले, आणि तीन वर्षांची कैद भोगून परतले. परंतु त्यांच्या चित्रांत कैद्यांच्या जोडीला घोडे आणि गुरांमागे फिरणारे गडीही आहेत. मोंटानातील रँचवर, म्हणजे गुरांच्या अफाट कुरणांवर, ते लहानाचे मोठे झाले होते.

स्टील यांच्या हाती कुंचला होता. इतरांचे काय? युद्धावरून परतून उरलेला जन्म दुसऱ्याची गुरे राखण्यात घालविणारा गडी (आपल्याकडील सालगड्याचाच हा घोड्यावरचा भाऊबंद) वारला, की शासनाला त्याची सैन्यातील तीनचार वर्षे तेवढी स्मरतात. कुटुंबाने मागणी केल्यास किमान दोन गणवेशधारी सैनिक येतात, बिगुलाची धून वाजते, घडी घातलेला राष्ट्रध्वज आप्तांच्या हाती दिला जातो. २००० सालापासून हा त्याचा कायदेशीर हक्कच आहे.

कुरणावरील चाळीसपन्नास वर्षांचा हिशेब मात्र निराळा. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने शेतमजूर वगळले; त्यांपैकी नियमित कामावर असलेल्यांना निवृत्तिवेतनाच्या योजनेत प्रवेश मिळाला तो १९५१ मध्ये. किमान वेतनाच्या १९३८ च्या कायद्यातही शेतीला स्थान नव्हते. १९६६ च्या दुरुस्तीने मोठ्या शेतांवरील मजुरांस ते लाभले खरे, पण मोकळ्या कुरणावर गुरे राखणाऱ्यांना त्याच दुरुस्तीने बाहेर ठेवले. कारण असे दिले जाते की, हा गडी रात्रंदिवस कामाला बांधलेला, तेव्हा त्याचे तास मोजायचे कसे? वस्तुतः सीमेवरील शिपायाचेही तास कोणी मोजीत नाही. म्हणून त्याचा पगार मालकाच्या मर्जीवर सोडावा, असे कोणत्याही संसदेला सुचलेले नाही. गुरे राखणाऱ्यांचा तो अपवाद अमेरिकेच्या संघराज्यीय कायद्यात अद्याप कायम आहे.