शेवटचे ५ मैल

आम्ही वर्धेकर कुटुंबे कोकणात गेलो. मंडणगड तालुक्यातले आंबडवे, बाबासाहेबांचे मूळ गाव, पाहिले. घाट उतरून जीपसकट फेरीबोटीत चढलो आणि वेश्वीहून खाडी ओलांडून बागमांडल्याला आलो. सपाट मुलखातली आमची लेकरे हरखली.

पण डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब सत्याग्रहींसह मुंबईहून बोटीने आले, ते मौजेखातर नव्हे. मोटारमालकांनी बहिष्कार घातलाच, तर दासगाव बंदरातून महाड ५ मैल. पायी गाठता येईल, हा हिशेब होता. २५ तारखेला ते उतरले, त्याच रात्री मनुस्मृती जाळली गेली.

आम्हीही दासगावला जीप सोडली. पाय दुखतात म्हणणारी पोरे चवदार तळ्याशी गप्प झाली. बंधुभगिनींनो, सहल जरूर काढा. शेवटचे ५ मैल मात्र मुलांना चालवा. जय भीम!