लेकराची फाईल कुणाच्या बापाची?

आपल्या नळदुर्गच्या नाहीतर तुळजापूर तालुक्यातल्या कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर अधूनमधून एक फोटो फिरतो. केस गेलेलं लेकरू, खाली नाव, गाव, वडिलांचा फोन पे नंबर आणि सोबत दवाखान्याचा रिपोर्ट. आपण शंभर-दोनशे टाकतो, हात जोडतो, पुढे पाठवतो. चांगलंच आहे. पण मुलांच्या कॅन्सरची माहिती सगळ्या दवाखान्यांनी एकत्र करावी असं कुणी म्हटलं की हीच मंडळी विचारतात, "प्रायव्हसीचं काय?"

नावागावासकट रिपोर्ट अख्ख्या जिल्ह्यात फिरवायला चालतो, आणि नाव झाकून तोच रिपोर्ट संशोधनाला द्यायला चालत नाही? हा कुठला न्याय?

आपल्याकडच्या लेकराचा प्रवास बघा. आधी गावात तापाच्या गोळ्या. मग सोलापूर. तिथून कुणी बार्शीला, कुणी हायवे धरून हैदराबादला, कुणी मुंबईला टाटाला. प्रत्येक ठिकाणी नवी फाईल, नवा नंबर, पुन्हा रक्त, कधी पुन्हा बायोप्सी. आधी कोणतं औषध किती दिलं हे पुढच्या डॉक्टरला आईच्या पिशवीतल्या चुरगळलेल्या कागदांवरून शोधावं लागतं. मध्येच पैसे संपले, सोयाबीनची काढणी आली, की लेकरू परत गावी. पुढे ते जगलं की गेलं, याची नोंद बहुतेक फाईलींत नसतेच.

मोठ्यांच्या कॅन्सरपेक्षा मुलांचा कॅन्सर फार कमी आढळतो. आपल्या धाराशिव जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत साडेसोळा लाखांच्या वर होती. ढोबळ हिशेब केला तर वर्षाला पंधरा वर्षांखालची चाळीसेक लेकरं. त्यात रक्ताचा, मेंदूचा, डोळ्याचा, किडनीचा असे प्रकार पाडले की एकेका प्रकाराची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरतात. मग कोणत्या औषधाने गुण येतो, कोणता डोस आपल्या कुपोषित लेकराला झेपत नाही, हे एकटा दवाखाना कसं ठरवणार? कितीही मोठा डॉक्टर असू द्या, फाईली एकमेकींना जोडल्याशिवाय उत्तर निघत नाही.

साठ वर्षांपूर्वी मुलांचा रक्ताचा कॅन्सर म्हणजे मरण ठरलेलं होतं. आज श्रीमंत देशांत मुलांच्या कॅन्सरमध्ये शंभरातली ऐंशीच्या वर बरी होतात. त्यात नव्या औषधांइतकाच वाटा एका साध्या सवयीचा आहे: दवाखान्यांनी एकत्र येऊन एकाच पद्धतीने उपचार करायचे, नोंदी जुळवायच्या, पुढच्या लेकरासाठी उपचार सुधारायचे. गरीब देशांतल्या अनेक ठिकाणी हाच आकडा तिसाच्या खाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये ठरवलं की 2030 पर्यंत जगभर निदान साठ टक्के मुलं वाचली पाहिजेत. 2030 काही लांब नाही राहिलं.

"हे आपल्याकडे कुठं होणार" असं म्हणणाऱ्यांनी शेजारच्या बार्शीकडे बघावं. 1987 साली तिथल्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलमध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शीसोबत आपल्या जिल्ह्यातले परांडा आणि भूम हे तालुके त्यात होते. कॉम्प्युटर, मोबाईल काही नसताना माणसं गावोगाव फिरून नोंदी घेत होती. त्याच नोंदणीच्या जोरावर 1999 पासून आपल्याच जिल्ह्यात एक लाख तीस हजारांवर बायकांचा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अभ्यास झाला. 2009 मध्ये निकाल आला: एचपीव्हीची एकच टेस्ट झालेल्या गटात 34 मृत्यू, टेस्ट न झालेल्या गटात 64. आपल्या आयाबहिणींच्या नोंदींनी जगाला शिकवलं.

त्या अभ्यासावर टीकाही झाली, आणि ती महत्त्वाची आहे. ज्या गटाची तपासणी झाली नाही त्या बायकांचं काय? त्यांना नीट सांगितलं होतं का? आणि माझा प्रश्न वेगळाच आहे. संशोधन इथं झालं, पण त्यातल्या किती गावांत आज ती टेस्ट नियमित होते? आपापल्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारा. माहिती घ्यायची आणि माणसाला विसरायचं, असं पुन्हा चालणार नाही.

म्हणून भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. कॅन्सर झाला होता हे कळलं की मुलीच्या लग्नाला अडचण येते, विमा कंपनी तोंड वाकडं करते, आणि माहिती विकणारेही बसलेतच. पण यावर उपाय फाईल कपाटात कुजवणं हा नाही, नियम कडक करणं हा आहे. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. त्याच कायद्याने संशोधनाला सवलत दिली आहे, पण त्या माहितीवरून त्या व्यक्तीबद्दल कुठला निर्णय घ्यायचा नाही, ही अट घालून.

नोंद ठेवली की लेकरं वाचतात याचा पुरावा मुंबईतच आहे. टाटामध्ये एकेकाळी पाचातलं जवळपास एक लेकरू उपचार अर्धवट सोडून जायचं. कोण येत नाही हे मोजायला लागले, फोन करायला लागले, राहण्याची, पैशाची सोय लावली, आणि ते प्रमाण कितीतरी खाली आलं. मोजलंच नसतं तर फोन कुणाला केला असता?

संसदेच्या स्थायी समितीने 2022 मध्येच शिफारस केली की कॅन्सरची नोंद सक्तीची करा. आता आपल्या आमदार-खासदारांना विचारायचं ते एवढंच:

1. जन आरोग्य योजनेत बिल पास करायला सगळे रिपोर्ट मागता ना? मग नाव झाकून तीच माहिती मुलांच्या कॅन्सरच्या राज्यव्यापी नोंदणीला का जात नाही?
2. डिस्चार्जच्या दिवशी पूर्ण फाईलची प्रत पालकांच्या हातात, फुकट.
3. संमतीपत्र मराठीत, समजेल असं, आणि ते मागे घेण्याचा हक्क.
4. माहिती कंपन्यांना विकली तर जेल.
5. दरवर्षी जिल्ह्याला हिशेब: किती लेकरं, किती बरी झाली, किती मध्येच सुटली आणि का.

पाचवा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पावसाळ्यात बोरीला पाणी किती आलं हे आपल्याला रोज कळतं. कॅन्सर झालेली आपली किती लेकरं पुढच्या वर्षी शाळेत परत आली, हे कुणालाच माहीत नाही.

फाईल दवाखान्याची नाही, सरकारची नाही. ती त्या लेकराची आहे, आणि त्याच्यानंतर आजारी पडणाऱ्या प्रत्येक लेकराची.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली भांडा, मी आहेच. आणि पुढचा फोटो ग्रुपवर टाकण्याआधी त्यातला रिपोर्ट आणि लेकराचं नाव तेवढं झाका. सुरुवात आपल्यापासून होऊ द्या.