सीयूईटीचा मराठी पेपर आणि सौंसर-पांढुर्ण्याची पोरं

आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडच्या पोरांवर सीयूईटीच्या फॉर्मात भाषा निवडायची वेळ आली, की माझ्या ओळखीतले बहुतेक जण हिंदी नाहीतर इंग्रजी भरून मोकळे होतात. घरी मराठी, शेतात मराठी, भांडण तर शुद्ध मराठीत. पेपर मात्र हिंदीत. विचारलं तर ठरलेलं उत्तर येतं, "भाऊ, बोलता येते ना मराठी, पण पेपरातली मराठी वेगळी राहते." त्यांचं म्हणणं खोटं नाही. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं, पण बहुतेकांची शाळा हिंदीतच. तरी मला वाटतं, की पेपरातली मराठी वेगळी असली तरी ती परकी नाही, आणि तिची तयारी दोन-तीन महिन्यांत होण्यासारखी आहे.

पेपर काय असतो ते आधी थोडक्यात. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी ही परीक्षा २०२२ पासून आहे. भाषेच्या पेपरासाठी १३ भाषा आहेत, त्यात मराठी आहे. २०२५ पासून ५० प्रश्न, सगळे सक्तीचे, वेळ ६० मिनिटं. बरोबर उत्तराला ५ गुण, चुकलं तर १ वजा. उतारे माहितीपर, साहित्यिक आणि कथनात्मक, शिवाय शब्दसंपत्तीवरचे प्रश्न. आपल्याला जवळची म्हणजे वर्धा आणि सागर, दोन्ही केंद्रीय विद्यापीठं. कोणत्या अभ्यासक्रमाला कोणती भाषा चालते, बारावीला नसलेली भाषा घेता येते का, हे त्या-त्या विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत पाहूनच फॉर्म भरा. वाचनाचा पहिला पेपर खरं तर तोच आहे.

आता मुद्द्यावर येतो. हिंदीत शिकलेल्या आपल्या पोराला कठीण शब्द अडवत नाही. कठीण शब्दाशी तो सावध असतो. त्याला फसवतो तो ओळखीचा शब्द. 'शिक्षा' दिसली की शाळा आठवते, मराठीत ती दंड असते. 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न नव्हे, थट्टा. 'संशोधन' हिंदीत दुरुस्ती, मराठीत शोधकाम. 'समाधान' हिंदीत उत्तर सापडणं, मराठीत मन भरणं. 'आपत्ती' हिंदीत हरकतही असते, मराठीत संकटच. 'संसार' हिंदीत जग, आपल्याकडं नवरा-बायको-लेकरं. 'राग', 'यातायात', 'प्रकृती', 'व्यस्त' हेही त्याच टोळीतले. उताऱ्यात "त्याची प्रकृती नाजूक होती" असं आलं आणि पर्यायांत 'स्वभाव' व 'तब्येत' दोन्ही असले, तर हात कुठं जाईल सांगा! अशा शब्दांची वही प्रत्येकानं स्वतः करावी. तयार यादी पाठ केली तर ती परीक्षेपर्यंत टिकत नाही. ळ आणि ल, ण आणि न यांच्याकडंही नीट पाहायचं. वेळ आणि वेल, काळ आणि काल यांत वाक्याचा अर्थ बदलतो.

दुसरा वाद कायमचा आहे: उतारा आधी की प्रश्न आधी? क्लासवाले सांगतात, प्रश्न आधी वाचा, मग उताऱ्यात उत्तर हुडका. माहितीपर उताऱ्याला हे ठीक आहे; साल, आकडा, ठिकाण पटकन सापडतं. पण कथेच्या उताऱ्यावर हा उपाय चालत नाही. तिथं विचारतात लेखकाचा सूर काय, अमुक पात्र गप्प का बसलं. असं उत्तर एका ओळीत लिहिलेलं नसतं. उपरोधाचं तेच. "लय हुशार झाला बाप्पा तू!" हे आजीनं म्हटलं की आपल्याकडं लहान पोरालाही कळतं ही स्तुती नाही. तेच वाक्य छापलेलं दिसलं की बारावीचा पोरगा 'कौतुक' वर क्लिक करतो. म्हणून कथेचा उतारा एकदा सलग, मनातल्या मनात आवाज काढून वाचायचा, प्रश्न नंतर.

तिसरी सवय मोडायची ती म्हणजे आपल्याला माहीत आहे म्हणून उत्तर देणं. सुट्टीत मी गावच्या पोरांना गोटमारीवर एक उतारा करून दिला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून, पांढुर्णा आणि सावरगाव, दगडफेक होते, नदीत पळसाचं झाड रोवून झेंडा लावतात, एवढंच त्यात होतं. प्रथा कशी सुरू झाली याबद्दल एक शब्दही नव्हता. "उताऱ्यानुसार या प्रथेचं कारण कोणतं?" या प्रश्नाला 'उताऱ्यात सांगितलेले नाही' हा पर्याय होता. जवळपास सगळ्यांनी पळून गेलेल्या प्रेमिकांची गोष्ट निवडली. गोष्ट त्यांनी लहानपणापासून ऐकलेली. 'उताऱ्यानुसार' हा शब्द मात्र कोणी वाचलाच नाही.

आणि वजा गुणांची भीती जरा हिशेबात बसवा. चार पर्यायांतून निव्वळ अंदाजानं चार प्रश्न टिपले आणि सरासरीनं एक बरोबर आला, तर ५ मिळाले, ३ गेले. तरी २ हातात राहतात. दोन पर्याय खात्रीनं खोडता आले तर चार प्रश्नांत सरासरी दोन बरोबर, म्हणजे १० मधून २ गेले. मग प्रश्न कोरा ठेवण्यात शहाणपण कसलं? मात्र एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद येतात आणि त्यातच उतारा वाचायचा असतो. एका शब्दावर पाच मिनिटं बसून राहणारा पोरगा शेवटचा उतारा वाचतच नाही.

हे सगळं सरावाशिवाय होत नाही, आणि मराठी उतारे आमच्या गावात कोणाकडं मिळतात? म्हणून आपल्या वाङ्मय मंडळाकडं माझी एक मागणी आहे. या ई-मासिकाच्या जुन्या अंकांतल्या ललित लेखांतून, कथांतून वीस उतारे निवडू, लेखकांची परवानगी घेऊ, प्रत्येकावर पाच-पाच प्रश्न आपणच काढू. नागपूर ते सौंसर काही लांब नाही. फॉर्म सुटायच्या आधी एका शनिवारी तिथल्या शाळांत जाऊन ते वाटता येतील. गोटमारीचा उतारा माझ्याकडं तयार आहे, उरले एकोणीस.