रांग वाढवली, वाट तुंबली

भाजीवाल्यापासून रिक्षाचालकापर्यंत साऱ्यांचे व्यवहार ज्या यूपीआय प्रणालीवर चालतात, ती १२ एप्रिल २०२५ रोजी काही तास कोलमडली. २६ मार्चलाही ती विस्कळीत झाली होती. एप्रिलमधील बिघाडामागे कोणा परक्याचा हल्ला नव्हता. बँकांकडून आलेल्या चौकश्यांच्या पुरानेच यंत्रणेचा श्वास कोंडला.

यूपीआय ही मूलतः संदेशांची टपालव्यवस्था आहे. ग्राहकाच्या पत्त्यातील ‘ॲट’ चिन्हानंतरचा भाग वाचून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनची मध्यवर्ती यंत्रणा संदेशाचा मार्ग क्षणार्धात ठरवते. मग एका बँकेला रक्कम वजा करण्याचा, तर दुसरीला जमा करण्याचा निरोप जातो.

अशा मार्गनिश्चितीत पाठवणारा वेगवान आणि स्वीकारणारा मंद असेल, तर तोल सांभाळण्यासाठी संदेश रांगेत ठेवण्याची पद्धत संगणकक्षेत्रात रूढ आहे. नवी सॉफ्टवेअरे तर गरजेनुसार रांगा आपोआप निर्माण करतात. ‘अपाचे ॲक्टिव्हएमक्यू’मध्ये अस्तित्वात नसलेल्या नावाने संदेश धाडला, तरी त्या नावाची रांग तयार होते. सोय मोठी, पण रांग निर्माण करणे सोपे, ती उपसणारी क्षमता निर्माण करणे अवघड. शिवाय रांग अडचण काही काळ झाकून ठेवते.

एप्रिलमध्ये नेमके हेच दुखणे उघड झाले. ‘व्यवहाराचे काय झाले?’ असे काही बँका पुन्हा पुन्हा, अगदी जुन्या व्यवहारांबाबतही विचारत राहिल्या. अशी प्रत्येक चौकशी हाही एक संदेशच असतो. उत्तराला विलंब झाला की चौकशी वाढते आणि चौकशी वाढली की विलंब आणखी वाढतो.

त्यानंतर १ ऑगस्ट २०२५ पासून मर्यादा आल्या. एका ॲपवरून दिवसाला ५० वेळाच शिल्लक पाहता येईल, असे ठरले. प्रलंबित व्यवहारांच्या चौकशीवरही बंधने आली. उपाय योग्यच आहे. त्याच महिन्यात व्यवहारांनी २,००० कोटींचा टप्पा ओलांडला, हे पाहता तो अपरिहार्यही होता.

मात्र ग्राहकावरील मर्यादा सर्वांना दिसते. बँकेची बेशिस्त पडद्याआडच राहते. कोणत्या बँकेने नियम मोडला आणि तिला काय भोगावे लागले, हे जनतेसमोर आले पाहिजे. रांगेची शिस्त केवळ शेवटच्या माणसाने पाळायची नसते.