मौनाचे राष्ट्रीयीकरण

फिनलंडच्या चित्रपटांविषयी लिहिताना आपल्याकडील आणि परकीय समीक्षेला एक शब्द हमखास सापडतो : मौन. फिनिश माणूस मुळात कमी बोलतो, त्याच्या देशात हिवाळा दीर्घ असतो, तळी आणि अरण्ये यांच्या सान्निध्यात तो एकाकी होतो, दारू पितो. आणि म्हणून त्याचे चित्रपटही अबोल, विषण्ण आणि कोरड्या विनोदाचे असतात, अशी ही मांडणी आहे. महोत्सवांच्या पुस्तिकांतून ती सुरू होते, वृत्तपत्रीय परीक्षणांतून स्थिरावते आणि अखेर अभ्यासकांच्या लेखनात 'फिनिश संवेदनशीलता' असे भारदस्त नाव धारण करून अवतरते. ती वरवरची आहे एवढाच आमचा आक्षेप असता, तर त्यासाठी लेख लिहिण्याचे कारण नव्हते. वरवरची विधाने बहुधा निरुपद्रवी असतात. ही मांडणी उपद्रवी आहे. कारण चित्रपटात कोण गप्प आहे, कोणासमोर गप्प आहे आणि त्याला कोणी गप्प केले, हे प्रश्न ती उपस्थितच होऊ देत नाही.

या मांडणीतला पहिला दोष तर्काचा आहे. फिनिश स्वभाव अबोल आहे हे चित्रपटांवरून अनुमानले जाते आणि चित्रपट अबोल का, याचे उत्तर म्हणून पुन्हा तोच स्वभाव पुढे केला जातो. हे स्पष्टीकरण म्हणजे स्वतःभोवती घातलेली प्रदक्षिणा आहे. साहित्यकृतीचा उगम वंश, परिस्थिती आणि काळ यांत शोधणारा तेनचा सिद्धान्त आपण अभ्यासक्रमात इतिहासजमा म्हणून शिकवतो आणि परदेशी चित्रपट पाहताना तोच मागच्या दाराने आत घेतो. दुसरा दोष पुराव्याचा आहे. 'फिनिश चित्रपट' म्हणून ज्याची लक्षणे सांगितली जातात, तो बव्हंशी एकट्या आकी कौरिस्माकीचा चित्रपट असतो. पण फिनलंडच्या प्रेक्षकाने स्वतःचा म्हणून जो चित्रपट डोक्यावर घेतला, तो वेगळाच आहे. वाइनो लिन्नाच्या १९५४ सालच्या 'अज्ञात सैनिक' या कादंबरीवर एडविन लाइने याने १९५५ साली केलेला चित्रपट सुमारे २८ लाख प्रेक्षकांनी चित्रपटगृहात पाहिला. तेव्हा देशाची लोकसंख्या ४२ लाखांच्या आसपास होती. ६ डिसेंबरला, म्हणजे स्वातंत्र्यदिनी, तो दूरचित्रवाणीवर दाखवण्याची प्रथा आहे. त्याच कादंबरीवर १९८५ मध्ये राउनी मोलबेरी आणि २०१७ मध्ये, स्वातंत्र्याच्या शताब्दी वर्षी, आकू लोउहिमिएस यांनी पुन्हा चित्रपट केले. या कथेतले सैनिक काय करतात? ते अखंड बोलतात. अधिकाऱ्यांची टर उडवतात, कुरकुरतात, वाद घालतात, आणि प्रत्येकजण आपापल्या प्रांताच्या बोलीत हे सारे करतो. ज्या राष्ट्राची सर्वाधिक पाहिली गेलेली कथा बोलीभाषांचा एवढा मोठा कोलाहल आहे, त्या राष्ट्राला 'अबोल' ठरवण्यासाठी समीक्षकाला कान बंद करून घ्यावे लागतात.

कान बंद होण्याची यंत्रणाही समजून घेण्यासारखी आहे. आपण हे चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांच्या आधारे पाहतो. उपशीर्षक अर्थ पोचवते, भाषेचा स्तर पोचवत नाही. फिनिशमध्ये लिहिण्याची भाषा आणि बोलण्याची भाषा यांत मोठे अंतर आहे. 'मी आहे' हे ग्रंथात 'मिनॅ ओलेन' असते. हेलसिंकीच्या रस्त्यावर त्याचे 'मॅ ओन' होते. कौरिस्माकीची पात्रे, म्हणजे कचरा गोळा करणारे, खाणकामगार, दुकानातल्या नोकर स्त्रिया, ही ग्रांथिक फिनिश बोलतात. पूर्ण व्याकरणशुद्ध, जोडाक्षरासारखी घट्ट वाक्ये बोलतात. नोकरीवरून काढून टाकलेला एखादा ट्रामचालक निबंधमालेच्या भाषेत आपले दुःख सांगू लागला तर मराठी प्रेक्षकाला जे वाटेल, त्याच्या जवळपासचा हा परिणाम आहे. फिनिश प्रेक्षकाला ही घडवलेली, कृत्रिम, शैलीबद्ध वाणी म्हणून तत्काळ कळते. जो शैलीचा निर्णय आहे, तो आपण स्वभावाचा दाखला म्हणून वाचतो. रूपवादाने आपल्याला निदान इतके शिकवायला हवे होते, की कलाकृतीतली प्रत्येक 'सहजता' ही रचलेली असते.

आणि ही रचना कशासाठी आहे? 'द मॅच फॅक्टरी गर्ल' (१९९०) या चित्रपटाच्या आरंभी काही मिनिटे फक्त यंत्र चालते. ओंडका सोलला जातो, त्याच्या काड्या होतात, काड्या पेट्यांत भरल्या जातात. मग कुठे त्या पट्ट्याजवळ उभी असलेली इरिस दिसते. घरी आईवडिलांसमोर दूरचित्रवाणी बोलत असते, बीजिंगमधील तिआनआनमेन चौकातल्या १९८९ च्या दमनाच्या बातम्या देत असते. यंत्र बोलते, बातमीदार बोलतो. जिच्या पगारावर घर चालते ती बोलत नाही. पुढे ज्याच्यापासून तिला दिवस गेले आहेत तो पुरुष धनादेशासोबत एका ओळीत गर्भ नाहीसा करण्याचा हुकूम पाठवतो. या कथेत वाणीचे वाटप मजुरीच्या वाटपासारखेच विषम आहे. इरिसचे मौन हे तिचे राष्ट्रीयत्व नाही. ते तिचे वर्गस्थान आहे. उंदरांचे विष विकत घेऊन ती जे करते, ते तिचे पहिले पूर्ण वाक्य होय.

'ड्रिफ्टिंग क्लाउड्स' (१९९६) या चित्रपटाला तर दिनांकच आहे. सोव्हिएत संघाचे १९९१ मध्ये विघटन होऊन त्याच्याशी असलेला व्यापार कोसळला, त्यात बँकांचे अरिष्ट मिसळले, आणि १९९० साली ३ टक्क्यांच्या आसपास असलेली फिनलंडमधील बेकारी १९९४ पर्यंत १६ टक्क्यांच्या वर गेली. चित्रपटातील ट्रामचालक पत्ते ओढतात. ज्याचे पान हलके, त्याची नोकरी गेली. लाउरी गप्प राहून घरी येतो आणि बायकोला, इलोनाला, काही दिवस काहीच सांगत नाही. ही गप्प बसण्याची लाज आहे, आणि तिचे कारण हिवाळ्यात नसून ताळेबंदात आहे. २०२३ च्या 'फॉलन लीव्ह्ज'मध्ये मुदत संपलेले अन्न फेकण्याऐवजी पिशवीत ठेवले म्हणून दुकानातली आन्सा कामावरून काढली जाते. तिच्या घरात रेडिओ सतत युक्रेनमधील युद्धाच्या बातम्या सांगत असतो आणि ती तो बंद करते. १९९० ची दूरचित्रवाणी आणि २०२३ चा रेडिओ यांच्यामध्ये तेहेतीस वर्षांचा एक सलग युक्तिवाद आहे. 'मौन' या एका शब्दाने तो पुसला जातो.

यावर एक उत्तर अपेक्षित आहे : खुद्द कौरिस्माकीच आपल्या देशाची अशी प्रतिमा हसत हसत मिरवतो. मिरवत असेल. लेखकाचा हेतू हा कृतीच्या अर्थाचा निकष नव्हे, हे विमसॅट आणि बियर्डस्ली यांनी १९४६ मध्येच सांगून ठेवले आहे. कौरिस्माकीवर टीका करायचीच असेल, तर तिच्यासाठी अधिक चांगली जागा आहे. इरिसच्या कथेचा शेवट विनाशात होतो. इलोना आणि लाउरी यांच्या कथेचा शेवट 'काम' याच नावाच्या नव्या उपाहारगृहात होतो. आन्सा आणि होलाप्पा शेवटी चॅप्लिन नावाच्या कुत्र्यासह, चॅप्लिनच्याच एका प्रसिद्ध शेवटाची आठवण करून देत चालू लागतात. वास्तव अधिक कठोर होत गेले आणि कथेचे सांत्वन वाढत गेले, हे कसे? दिग्दर्शक आशेची शपथ घेतो, पण ती आशा कथानकातून निष्पन्न होते का? हा खरा समीक्षेचा प्रश्न आहे. 'फिनिश विषण्णता' म्हणणाऱ्याला तो सुचतच नाही. कारण त्याच्या लेखी तिन्ही चित्रपट एकाच धुक्यात बुडालेले असतात.

हीच संकल्पना बाजारात कशी चालते, याचा नमुना म्हणजे यालमारी हेलान्दरचा 'सिसू' (२०२२). येथे नायक जवळजवळ बोलतच नाही, संवाद मुख्यतः इंग्रजी आहेत, आणि शीर्षकातला शब्द अनुवादाच्या पलीकडचा आहे असे आरंभीच सांगितले जाते. अनुवाद न होणारा शब्द जगभर विकायला फार सोयीचा असतो. काळ १९४४, स्थळ लॅपलंड, शत्रू माघार घेणारे जर्मन. परंतु १९४१ ते १९४४ फिनलंड हा जर्मनीच्या बाजूने सोव्हिएत संघाशी लढत होता. सप्टेंबर १९४४ च्या शस्त्रसंधीनंतर कालच्या सहकाऱ्यांना हाकलणे त्याला भाग पडले आणि त्यांनी जाता जाता लॅपलंड जाळले. नायक बोलला असता तर यातले काही त्याला बोलावे लागले असते. त्याचे मौन म्हणजे इतिहासाला मिळालेली सुटी आहे. इरिसचे मौन आणि या नायकाचे मौन एकाच 'राष्ट्रीय स्वभावा'त बसवणारी संज्ञा विश्लेषणाची राहत नाही. ती आवेष्टनावर छापायच्या चिठ्ठीची होते.

आता ज्या उदाहरणामुळे हा वाद आम्हाला केवळ शैलीचा वाटत नाही, त्याकडे वळू. कात्या गाउरिलोफचा 'येविदा' (२०२३) हा स्कोल्ट सामी भाषेतला पहिला कथापट. ही भाषा बोलणारे सुमारे ३०० लोक उरले आहेत. पेट्सामोचा प्रदेश १९४४ मध्ये सोव्हिएत संघाकडे गेल्यावर तेथील स्कोल्ट सामींना फिनलंडच्या इनारी भागात वसवण्यात आले. चित्रपटातील वृद्ध स्त्री इदा आपल्या भाचीबरोबर उत्तरेतल्या जुन्या घरी येते, आणि तिची कथा उलगडते : ती मूळची येविदा, निवासी शाळेत तिची भाषा निषिद्ध ठरली, तिचे नाव बदलले, आणि पुढे तिने आपले मूळच दडवून टाकले. इदा कमी बोलते. का, ते चित्रपट स्पष्ट सांगतो. शाळेने तिला फिनिश दिली आणि त्या बदल्यात जीभ काढून घेतली. अशा स्त्रीच्या मौनाला 'फिनिश मौन' म्हणणे म्हणजे जिला गप्प केले तिचे गप्प बसणे गप्प करणाऱ्याच्या स्वभावाच्या खात्यावर जमा करणे होय. समीक्षेची चूक येथे अन्यायाला जाऊन मिळते.

बोलण्याच्या बाजूनेही हेच दाखवता येईल. रोझा लिक्सोमच्या २०११ सालच्या कादंबरीवरून युहो कुओस्मानेनने केलेल्या 'कम्पार्टमेंट नं. ६' (२०२१) मध्ये सोव्हिएत काळातला मॉस्को ते उलान बतोर हा प्रवास सोव्हिएतोत्तर काळात येतो आणि मुर्मान्स्कच्या दिशेने वळतो. आगगाडीच्या डब्यातला रशियन खाणकामगार लाउराला विचारतो, तुझ्या भाषेत 'माझे तुझ्यावर प्रेम आहे' कसे म्हणतात? ती त्याला एक गलिच्छ शिवी शिकवते. शेवटी तो तिच्यासाठी जी चिठ्ठी सोडतो, तिच्यात तीच शिवी असते; आणि तिथे ती खरोखरच प्रेमाची कबुली झालेली असते. शब्दाचा अर्थ कोशात नसून उच्चारणाच्या प्रसंगात असतो, याचे इतके नेमके प्रात्यक्षिक अलीकडच्या कथनसाहित्यात क्वचितच मिळेल. या चित्रपटावर 'अबोल फिनिश स्त्री आणि बडबड्या रशियन पुरुष' असे लिहून मोकळे होणारा परीक्षक कथेच्या दारातूनच परत फिरलेला असतो.

मराठी अभ्यासकाला या साऱ्याचे सोयरसुतक का असावे? कारण हाच अन्याय उलट्या दिशेने आपल्यावरही होतो. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) जब्याच्या घरात कैकाडी बोलली जाते आणि गावात मराठी. इंग्रजी उपशीर्षकांत दोन्ही एकच होतात. ज्या प्रेक्षकाला हा भेद ऐकूच आला नाही, त्याला जब्याच्या गप्प बसण्यात ग्रामीण भारताचा सोशिकपणा दिसू शकतो. जातीने लादलेले मौन मग राष्ट्राचा गुणधर्म बनते. आपल्याविषयी असे कोणी लिहिले तर आपण खवळून उठू आणि ते योग्यच ठरेल. मग तेच आपण इतरांविषयी लिहू नये.

राष्ट्रीय स्वभाव ही कोटी समीक्षेने टाकून द्यावी, दुरुस्त करीत बसू नये. तिच्याऐवजी चार साधे प्रश्न पुरेत : कोणती भाषा, कोणत्या स्तरावर, कोणाला बोलू दिले आहे, आणि न बोललेल्याचा लाभ कोणाला होतो. हे प्रश्न विचारायला फिनिश अस्खलित येण्याची गरज नाही. उपशीर्षक जिथे थांबते तिथे काहीतरी उरले आहे, एवढी जाणीव पुरेशी आहे. ती नसेल, तर चित्रपट कितीही पाहिले तरी आपण केवळ बर्फच पाहिलेला असेल.