समुद्रात हरवलेल्यांचे ऋण

चंद्रपूरहून वैनगंगा ओलांडून आष्टीमार्गे मुलचेऱ्याकडे जाणाऱ्याला गोंड-माडियांच्या गावांशेजारी बंगाली बोलणाऱ्या वस्त्या लागतात. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून उखडल्या गेलेल्या कुटुंबांचे येथे पुनर्वसन झाले. या जंगलाचा समुद्राशी काय संबंध, असे कोणी विचारील. परंतु ज्या विस्थापनाने १९७१ साली सुमारे एक कोटी माणसे भारतात लोटली आणि अखेर युद्ध अटळ केले, त्याच विस्थापनाचे आधीचे प्रकरण मुलचेऱ्यात नांदते आहे. त्या युद्धात आपल्या नौदलाने मोजलेली सर्वांत जड किंमत मात्र अरबी समुद्राच्या तळाशी आहे.

कराचीवरील हल्ल्याचा ४ डिसेंबर हा दिवस नौदल दिन म्हणून साजरा होतो. ९ डिसेंबरची आठवण क्वचितच निघते. १९७१ साली त्या रात्री, मुंबईहून पाणबुडीच्या शोधार्थ निघालेल्या ‘खुकरी’ या फ्रिगेटला दीवनजीकच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’चा पाणतीर लागला आणि अवघ्या काही मिनिटांत नौका बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. त्यानंतर आठवडाभरातच, १६ डिसेंबरला, ढाक्यात शरणागती झाली.

कॅप्टनचा गौरव सर्वथा उचित आहे. प्रश्न उरतो तो १७६ या आकड्याचा. नौकेच्या पोटात, यंत्रांच्या उष्म्यात पाळी करणारा विशीतला नाविक सार्वजनिक स्मृतीत नावाने येत नाही, बेरजेत येतो. जमिनीवर पडलेल्या जवानाची निदान चिता पेटते. समुद्रात गेलेल्याच्या घरी तेव्हा तार जाई, देह जात नसे. ‘एखाद्या मचव्याने उचलले असेल’ ही आशा आईला धड शोकही करू देत नाही. गडचिरोलीच्या जंगलातला माडिया आपल्या मृताच्या नावाने दगड उभा करतो. तो दगड मोठेपणासाठी नसतो, माणूस होता एवढ्यासाठी असतो. दीवच्या टेकडीवर ‘खुकरी’चे स्मारक आहे, पण दगडामागची ही समतेची दृष्टी राष्ट्राच्या स्मृतीत अद्याप उतरलेली नाही.

स्मारकाने सत्याची जागा भरून निघत नाही. ‘खुकरी’वरील जुने सोनार फ्रान्समध्ये बांधलेल्या आधुनिक पाणबुडीपुढे तोकडे होते. त्याची क्षमता वाढविण्याच्या प्रयोगासाठी नौका धोक्याच्या क्षेत्रात मंद गतीने चालविली जात होती. उणी साधने देऊन माणसे कोणी व का पाठविली, हे विचारणे म्हणजे शौर्याचा अवमान नव्हे. युद्धविषयक कागदपत्रे साधारणतः २५ वर्षांनी खुली करावीत, असे धोरण संरक्षण मंत्रालयाने २०२१ साली स्वीकारले. त्या हिशेबाने १९७१ च्या कागदांची मुदत १९९६ सालीच भरली. ‘खुकरी’विषयीचा प्रत्येक कागद लोकांपुढे असणे हा मृतांच्या कुटुंबीयांचा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

नाविक हाही श्रमिकच आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’वरील नाविकांनी निकृष्ट अन्न आणि अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध संप पुकारला, तेव्हा त्यांनी साम्राज्यालाच हादरा दिला होता. गणवेशातल्या माणसालाही मान आणि प्रश्न असतात, हा त्या उठावाचा धडा. स्वतंत्र भारताच्या सत्तेने तो विसरावा, हे शोभणारे नाही.

निर्वासिताला थारा देणे आणि त्याच्यासाठी लढताना बुडालेल्याला न्याय देणे ही एकाच कर्तव्याची दोन अंगे आहेत. मुलचेऱ्यात जमिनीचा तुकडा दिल्याने पहिले अंशतः पार पडले. दुसरे बाकी आहे. ९ डिसेंबरला कार्यकर्त्यांनी गावोगावी सभा घ्याव्यात, युद्धज्वर चेतविण्यासाठी नव्हे, तर त्या १७६ जणांची नावे वाचण्यासाठी आणि सत्याची मागणी करण्यासाठी.