प्रादेशिक सेनेचा अर्ज भरण्याआधी तीन वर्षांचा हिशेब मांडा

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील नोकरदार बंधू-भगिनींनो, 22 एप्रिल 2025 रोजी पहलगाममध्ये दहशतवादी हल्ल्यात 26 जण मारले गेले आणि त्यांतले तिघे डोंबिवलीचे होते. त्या दिवसांत या शहरांत जो संताप होता, त्याला कोणी नावे ठेवणार नाही. पुढे मे महिन्यात सीमेवर संघर्ष पेटला, तेव्हा ‘नोकरी न सोडता आपल्याला सैन्यात काही करता येईल का’ हा प्रश्न सव्वाआठची लोकल पकडणाऱ्या अनेकांच्या मनात येऊन गेला असणार. त्याचे उत्तर ‘हो’ असे आहे. आपल्याकडे टेरिटोरियल आर्मी, म्हणजे प्रादेशिक सेना आहे आणि ती मुळातच कामधंदा करणाऱ्या माणसांसाठी उभारलेली आहे. तिच्यात जरूर जावे, या मताचा मी आहे. पण हा निर्णय बहुतेक जण चुकीच्या आकड्यावर घेतात. वर्षातून दोन महिन्यांचे शिबिर एवढाच आकडा डोळ्यांपुढे ठेवून अर्ज भरला जातो. भरती होताना आपण जो शब्द देतो, तो त्याहून फार मोठा असतो. तो पाळता येईल की नाही, हे आधी तपासा, एवढ्यासाठीच हे आवाहन.

आधी या सेनेची रचना पाहू. प्रादेशिक सेनेचा कायदा 1948 चा आहे आणि 9 ऑक्टोबर 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे औपचारिक उद्घाटन झाले. अधिकारी होण्यासाठी वय 18 ते 42, पदवी आणि स्वतःचे उपजीविकेचे साधन लागते. शेवटची अट महत्त्वाची आहे, कारण बेकाराला नोकरी देणे हा या सेनेचा हेतूच नाही. नियमित सैन्यात, पोलिसांत किंवा निमलष्करी दलात असणाऱ्यांना येथे प्रवेश नाही. लेखी परीक्षा, सेवा निवड मंडळाची (एसएसबी) मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी या पायऱ्या ओलांडल्यावर पहिल्या वर्षी एक महिन्याचे प्राथमिक प्रशिक्षण असते, दरवर्षी दोन महिन्यांचे शिबिर असते आणि कमिशन मिळाल्यापासून दोन वर्षांत तीन महिन्यांचे आणखी एक प्रशिक्षण पुरे करावे लागते. बेरीज करून पाहा. पहिल्या दोन वर्षांतले आठ महिने कार्यालयाबाहेर जातात, आणि तेही देशात सगळीकडे शांतता असताना. प्रशिक्षणाच्या आणि सेवेच्या काळात नियमित अधिकाऱ्याइतकाच पगार मिळतो, एरवी काही नाही. निवृत्तिवेतनाची हमी नाही. वीस वर्षे प्रत्यक्ष सेवा भरली तरच अधिकाऱ्याला ते लागू होते. जागाही थोड्या असतात. 2023 च्या अधिकारी भरतीत देशभरात मिळून 19 जागा होत्या. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्त्रियांना या सेनेचे दार मोकळे केले, पण त्या 19 पैकी त्यांच्या वाट्याला एकच जागा आली. दार उघडले ते किलकिलेच, असे म्हणायला हरकत नाही. जवान म्हणून जायचे असेल तर भरती मेळाव्यांतून जावे लागते. आपल्याला जवळच्या बटालियन पुणे, कोल्हापूर आणि देवळालीच्या. पुणे-कोल्हापूरच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या, देवळालीची पॅराशूट रेजिमेंटची.

आता मोठा आकडा. 6 मे 2025 रोजी संरक्षण मंत्रालयाने प्रादेशिक सेना नियमावलीच्या नियम 33 खाली एक आदेश काढला आणि या सेनेतल्या प्रत्येक अधिकाऱ्याला व जवानाला सेवेसाठी बोलावण्याचा अधिकार लष्करप्रमुखांना दिला. पायदळाच्या 32 बटालियनपैकी 14 तैनात करायला त्यात मंजुरी होती. आदेशाची मुदत 10 फेब्रुवारी 2025 ते 9 फेब्रुवारी 2028, म्हणजे पुरी तीन वर्षे. प्रत्येकाला तीन वर्षे घरापासून दूर राहावे लागेल, असा याचा अर्थ नाही. पण बोलावले तर जावे लागेल, आणि परत कधी येणार हे आपण किंवा आपला साहेब ठरवणार नाही, एवढा अर्थ त्यात नक्की आहे. हे काही अघटित नव्हे. 1962, 1965 आणि 1971 या तिन्ही युद्धांत प्रादेशिक सेनेच्या तुकड्या होत्या. अलीकडच्या काळात पायदळाच्या कितीतरी बटालियन काश्मीरमध्ये आणि ईशान्येत वर्षानुवर्षे तैनात आहेत. धोकाही खराच आहे. जून 2022 च्या अखेरीस मणिपूरमध्ये तुपुल येथे रेल्वेमार्गाच्या कामाजवळ दरड कोसळली. त्या कामाच्या रक्षणासाठी तळ ठोकून असलेल्या 107 व्या प्रादेशिक सेना बटालियनचे अनेक जवान त्या ढिगाऱ्याखाली गेले. सुट्टीच्या दिवसांत गणवेश घालण्याची हौस म्हणून या सेनेकडे पाहणाऱ्याने तुपुलची बातमी एकदा शोधून वाचावी.

मग नोकरीचे काय? कायदा इथे नोकरदाराच्या पाठीशी उभा आहे, पण किती, ते नीट समजून घ्या. 1948 च्या कायद्यातले कलम 7-अ सांगते, की लष्करी सेवेसाठी बोलावलेला माणूस परत आला की त्याच्या मालकाने त्याला पूर्वीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर पुन्हा कामावर घ्यावे. पुढच्या कलमाने भविष्य निर्वाह निधीसारखे हक्कही राखले आहेत. वाचायला हे भक्कम वाटते. पण मालकाने घेतले नाही किंवा त्याला घेणे जमले नाही, तर प्रकरण नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे जाते, आणि तो अधिकारी पुनर्नियुक्तीऐवजी मालकाला भरपाई द्यायला लावूनही प्रकरण मिटवू शकतो. ती भरपाई फार तर सहा महिन्यांच्या पगाराइतकी. ठाण्यातल्या एखाद्या कंपनीत प्रकल्पाच्या मुदतीवर ज्याची बढती अवलंबून आहे, त्याला सहा महिन्यांचा पगार देऊन मोकळे करणे कंपनीला अवघड नाही. शिवाय बढती हुकणे, चांगला प्रकल्प दुसऱ्याकडे जाणे, ‘हा पुन्हा दोन महिने जाणार’ म्हणून बाजूला पडणे यांवर कोणत्याही कलमाचा इलाज नाही. स्वतःचा व्यवसाय असलेल्यांची स्थिती तर आणखी नाजूक आहे. डोंबिवलीतला सनदी लेखापाल किंवा कल्याणचा दंतवैद्य सहा महिने गेला, तर त्याला पुन्हा कामावर घ्यायला कोणी मालकच नसतो. अशील आणि रुग्ण शेजारच्या गल्लीत जातात. रेल्वे, बँका, महापालिका, सार्वजनिक उपक्रम यांतल्या कर्मचाऱ्यांची नोकरी सर्वांत सुरक्षित, पण त्यांना विभागप्रमुखाचे ना-हरकत प्रमाणपत्र आधी मिळवावे लागते आणि ते मिळवण्यातच कित्येकांचा उत्साह ओसरतो.

घरचा हिशेब मी लांबवणार नाही, कारण तो प्रत्येकाचा वेगळा आहे. पण तो तोंडी करू नका, कागदावर मांडा. घराचा हप्ता, मुलांच्या शाळेची फी, आईवडिलांची औषधे, आणि आपण सहा महिने नसताना हे सगळे एकट्याने ओढणारे माणूस. आपल्या बहुतेक घरांत ते माणूस म्हणजे पत्नी, आणि तीही रोज फलाटावर गर्दीत उभी राहणारी. तिची संमती म्हणजे कौतुकाने दिलेला होकार नव्हे. तिने सहा महिन्यांचा तक्ता पाहून ‘जमेल’ म्हटले, तर ती संमती. कार्यालयातल्या साहेबाच्या उत्तरापेक्षा तिचे उत्तर जास्त खरे असेल.

एवढे सगळे ऐकल्यावर कोणी म्हणेल, की मग जाऊच नका असे सरळ का सांगत नाही? कारण ज्याचा हिशेब जुळतो, त्याच्यासाठी यासारखी दुसरी संधी नाही. नागरी आयुष्यातले कौशल्य सैन्याला मिळावे आणि सैन्याची शिस्त समाजात परत यावी, ही देवाणघेवाण या एकाच वाटेने होते. लाखोंचे खडे सैन्य कायम पोसण्यापेक्षा गरजेला उभी राहणारी प्रशिक्षित माणसे बाळगणे देशाला परवडते, हेही साधे गणित आहे. दुसरा आक्षेप असा, की हे खेळाडूंना आणि नेत्यांना पदव्या देण्याचे खाते आहे. कपिल देव आणि महेंद्रसिंह धोनी यांना मानद लेफ्टनंट कर्नल केले, त्यामुळे हा समज पसरला. मानद पद हा सन्मान आहे, ती सेवा नव्हे. तुपुलच्या तळावर मानद कोणी नव्हते. (धोनी 2019 मध्ये काही दिवस काश्मीरमध्ये आपल्या बटालियनसोबत राहिला होता, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवे.) तिसरा आक्षेप कल्याणसारख्या रेल्वेच्या गावातून येतो आणि तो मला वजनदार वाटतो. 1974 च्या रेल्वे संपात गाड्या चालवण्यासाठी प्रादेशिक सेनेच्या रेल्वे तुकड्या वापरल्या गेल्या. तिथे वर्दी आणि कामगाराची संघटना समोरासमोर आली. हा इतिहास पुसता येत नाही. ‘मुलकी प्रशासनाला मदत’ या शब्दांत पूर, दंगल, संप सगळेच येऊ शकते, आणि आदेश निवडण्याची मुभा सैनिकाला नसते. ज्याला हे मान्य नाही त्याने जाऊ नये. त्यात कसलाही कमीपणा नाही. कर भरणे, काम चोख करणे, मतदान करणे एवढ्यानेही नागरिकाचे कर्तव्य पुरे होते. प्रादेशिक सेना हे देशप्रेमाचे प्रमाणपत्र नाही, आणि तसे ते मागणाऱ्यांचे ऐकूही नका.

ज्यांचा हिशेब जुळत नाही, त्यांनी वर्दीचा विषय सोडून द्यावा असेही नाही. होमगार्ड दलाची सुरुवात 6 डिसेंबर 1946 रोजी आपल्याच मुंबईत झाली. नागरी संरक्षण दलासाठी 1968 चा स्वतंत्र कायदा आहे, आणि 7 मे 2025 रोजी देशभर झालेल्या सरावात ठाण्याचाही समावेश होता. ही कामे घराजवळ राहून करता येतात आणि आपल्या भागाला त्यांची खरी निकड आहे. डोंबिवली एमआयडीसीत 26 मे 2016 आणि 23 मे 2024 या दोन्ही दिवशी रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून सुमारे हजार प्रवासी बाहेर काढले गेले. नौदल आणि एनडीआरएफच्या जोडीला आसपासचे गावकरीही धावले होते. अशा वेळी दोर कसा बांधायचा, जखमी कसा उचलायचा, गर्दी कशी हटवायची हे येणारी शंभर माणसे प्रत्येक प्रभागात असली, तर त्यांची किंमत गणवेशावरच्या पट्ट्यांवरून ठरणार नाही.

म्हणून तीन विनंत्या. पहलगामच्या आठवणीच्या किंवा एखाद्या बातमीच्या भरात अर्ज भरू नका. पुढची जाहिरात येईपर्यंतचा वेळ हिशेबाला द्या, आणि 2028 च्या फेब्रुवारीपर्यंत आपण सलग वर्षभर नसलो तर काय, हा प्रश्न घरात आणि कार्यालयात दोन्हीकडे विचारा. कार्यालयाचे उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी घ्या. तिसरी विनंती मालकांना आहे. वागळे इस्टेट, घोडबंदर रस्ता, डोंबिवली एमआयडीसी येथील उद्योगांनी, ‘टिसा’ आणि ‘कामा’ या लघुउद्योजकांच्या संघटनांनी, आणि आपल्या शहरांत वाढलेल्या सहकारी बँकांनी प्रादेशिक सेनेच्या सेवेची रजा आपल्या सेवानियमांत स्पष्ट लिहावी: शिबिराचे दोन महिने, दीर्घ बोलावणे आले तर जागा राखण्याची हमी, आणि त्या काळाचा बढतीवर परिणाम होणार नाही असे एक वाक्य. कायदा सहा महिन्यांच्या पगारावर थांबतो. त्यापुढचे वचन फक्त मालकच देऊ शकतो, आणि ते जाहिरात निघण्याआधी द्यावे.